मचूळ पाण्याचे रहिवासी

नदी समुद्राला मिळते ती एका ठरावीक रेषेवर, असे केवळ नकाशात घडते. प्रत्यक्षात दोहोंच्या दरम्यान कित्येक मैल लांबीचा एक टापू असा असतो की, जेथे भरतीबरोबर खारे पाणी आत चढते, ओहोटीबरोबर नदीचे गोडे पाणी बाहेर पडते, आणि जो श्रावणात जवळजवळ नदीच होऊन गेलेला असतो तोच वैशाखात समुद्राचा एक फाटा वाटू लागतो. ज्यांचे आयुष्य कोकणच्या खाड्यांकाठी गेले आहे त्यांना या स्थित्यंतराची ओळख निराळी करून द्यावयास नको. या मचूळ पाण्यात कोळंबी पोसते, बोय आणि खेकडे वाढतात, तिवरांच्या मुळांशी नाना जातींची पिल्ले आसरा घेतात, हेही सर्वश्रुत आहे. परंतु मुशी आणि पाकट, म्हणजे ज्यांना आपण हल्ली शार्क व रे म्हणतो ते हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेले मासे, या पाण्यात येतात ते वाट चुकून की वहिवाटीने, राहतात ते किती दिवस, आणि जातात ते कोणत्या कारणाने, या प्रश्नांची उत्तरे मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतांशी तर्काच्याच स्वाधीन होती.

त्याचे कारण उघड आहे. रानातील श्वापद चिखलात पाऊल उमटवून जाते. पाण्यातून गेलेल्या माशाचा माग मागे उरत नाही. त्यातून खाडीचे पाणी गढूळ, तेव्हा बुडी मारून निरीक्षण करण्याचीही सोय नाही. जाळ्यात सापडलेला मासा त्या घटकेला तो त्या ठिकाणी होता एवढीच साक्ष देतो; आदल्या दिवशी तो कोठे होता आणि सोडून दिला असता तर दुसऱ्या दिवशी कोठे गेला असता, याविषयी तो सर्वस्वी मुका असतो.

अशा मुक्या साक्षीवरून शास्त्रज्ञांचा केवढा गैरसमज होऊ शकतो याचा एक प्रसिद्ध दाखला मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवराचा आहे. या विशाल गोड्या सरोवरात मोठाल्या मुशी राहतात हे तेथील लोकांना पूर्वापार ठाऊक होते. समुद्रापासून इतक्या दूर, सान हुआन नदीच्या खळाळत्या उतारांच्या वर राहणारा हा प्राणी येथेच कोंडला जाऊन निराळा झाला असला पाहिजे, अशा समजुतीने १८७७ साली त्याला एका स्वतंत्र जातीचे नावही बहाल करण्यात आले. पुढे नेब्रास्का विद्यापीठाच्या थॉमस थॉर्सन यांनी या मुशींच्या अंगावर क्रमांकांचे बिल्ले अडकवून त्या सोडून देण्याचा उपक्रम चालविला, आणि सरोवरात बिल्ला लावलेली मुशी कॅरिबियन किनाऱ्याशी, तर नदीमुखाशी बिल्ला लावलेली सरोवरात, अशा परत मिळू लागल्या. १९७१ साली त्यांनी हा पुरावा प्रसिद्ध केला. सरोवरातील मुशी म्हणजे जगाच्या बहुतेक उष्ण किनाऱ्यांवर आढळणारी बुल शार्कच होय, आणि ती नदीच्या वाटेने राजरोस ये-जा करते, हे त्यामुळे निर्विवाद सिद्ध झाले.

ही बुल शार्क आपल्याकडेही अपरिचित नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरच्या परिसरात वैतरणेच्या खाडीत मासे धरण्यास उतरलेल्या एका तरुणाचा पाय मुशीने धरला, तेव्हा समुद्रापासून इतक्या आत मुशी आली कशी, याचेच आश्चर्य वृत्तपत्रांतून अधिक व्यक्त झाले. वस्तुतः त्या प्राण्याच्या शरीरधर्माकडे पाहता त्यात आश्चर्य करण्यासारखे थोडेच आहे. मुशींच्या रक्तात युरिया हे द्रव्य इतक्या प्रमाणात साठविलेले असते की समुद्राचे खारे पाणी त्यांच्या अंगातील पाणी शोषून घेऊ शकत नाही. हीच व्यवस्था गोड्या पाण्यात उलटते. बाहेरचे पाणी सारखे शरीरात झिरपू लागते आणि बहुतेक मुशींना तेथे टिकाव धरता येत नाही. बुल शार्क मात्र रक्तातील युरियाचे प्रमाण पुष्कळ उतरविते, मूत्रपिंडांवाटे जास्तीचे पाणी भराभर बाहेर टाकते, आणि नदीतही जिवंत राहते. तथापि एखाद्या ठिकाणी राहता येणे निराळे आणि तेथे राहणे पसंत असणे निराळे. ही पसंती कशी ओळखावी, हा खरा प्रश्न होता. आणि त्याला दोन टोकांच्या दोन नोंदी देणारा बिल्ला पुरा पडणारा नव्हता.

त्यासाठी माशाच्या नित्याच्या हालचालींची अखंड नोंद हवी होती. जमिनीवरील प्राण्यांच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून हे काम होते. परंतु रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात फारसे अंतर जात नाहीत, आणि उपग्रहाशी संधान बांधावयाचे तर माशाने पृष्ठभागावर आले पाहिजे, जे तळाशी पडून राहणारे पाकट सहसा करीत नाही. ध्वनी मात्र पाण्यातून सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने जातो. म्हणून आवाज करणारी यंत्रे माशांना जोडण्याची युक्ती निघाली. आरंभी, कॅलिफोर्नियात डोनाल्ड नेल्सन यांच्यासारख्या संशोधकांनी हे काम सुरू केले त्या काळी, पाण्यात ध्वनिग्राहक सोडून, कानाला यंत्र लावून, होडीतून माशाच्या मागे मागे फिरावे लागे. माणसे थकली, हवा बिघडली किंवा इंधन संपले म्हणजे पाठलाग संपे. शिवाय सतत पाठीशी असलेल्या होडीमुळे मासा आपल्या स्वाभाविक चालीने चालत होता की भ्यालेल्या, ही शंका उरेच.

पुढे माणसाने माशाच्या मागे धावण्याऐवजी पाण्यातच ठिकठिकाणी चौक्या बसविल्या. या चौक्या म्हणजे हातभर लांबीची नळकांड्यासारखी ध्वनिग्राहक यंत्रे. ती वजनाला बांधून खाडीच्या तळाशी किंवा पुलाच्या खांबांशी रोवलेली असतात आणि काही शेकडो मीटरांच्या टापूतील ध्वनी टिपतात. माशाच्या अंगातील प्रेषक मनुष्याच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात, बहुधा ६९ किलोहर्ट्झवर, स्पंदांची एक लहानशी मालिका सोडतो. दोन स्पंदांमधील अंतरांच्या विशिष्ट रचनेवरून हा अमुक क्रमांकाचा मासा, अशी ओळख पटते. एक मालिका संपली की प्रेषक मिनिटभर वा त्याहून अधिक काळ गप्प बसतो, आणि ही विश्रांती मुद्दाम अनियमित ठेवलेली असते. कारण दोन मासे एकाच चौकीजवळ असतील आणि दोघेही ठरावीक अंतराने एकदम बोलू लागतील, तर एकाचेही म्हणणे कळावयाचे नाही. यंत्र मात्र प्रत्येक ओळखीपुढे दिवस आणि वेळ टाकून आपले दप्तर भरीत राहते. काही महिन्यांनी संशोधक येतो, यंत्र वर काढतो, त्यावर चढलेले शेवाळ व शिंपले खरवडतो, विजेरी घट बदलतो, आणि साठलेली सारी हजेरी उतरवून घेतो.

प्रेषक बसविण्याची क्रियाही पाहण्याजोगी आहे. पकडलेली लहान मुशी पाण्याच्या टाकीत पाठीवर उताणी केली की बहुतेक वेळा ती निश्चेष्ट पडून राहते. ही तिच्या जातीची एक विलक्षण सहजप्रवृत्तीच आहे. मग पोटावर लहानशी चीर घ्यावयाची, बोटाच्या पेराएवढा प्रेषक उदरपोकळीत सरकवावयाचा, आणि दोन-तीन टाके घालून तिला पुन्हा पालथी करावयाची. परकी वस्तू म्हणून शरीराने प्रेषकाला विरोध करू नये यासाठी त्याच्यावर मधमाशांच्या मेणाचा व पॅराफिनचा लेप चढवून ठेवण्याचीही रीत आहे. हे सारे काही मिनिटांत उरकते, आणि मुशी पोहून जाते ती आपल्या पोटातून स्वतःचे नाव उच्चारीत.

ही पद्धत जेथे फार फलद्रूप झाली अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या नैऋत्य किनाऱ्यावरील शार्लट हार्बरचा परिसर, आणि विशेषतः त्याला दक्षिणेकडून मिळणाऱ्या कलूसाहॅची नदीचे मुख. याच किनाऱ्यावर १९५५ साली युजेनी क्लार्क या विदुषीने एक छोटी प्रयोगशाळा स्थापन केली, आणि तीच पुढे मोट मरीन लॅबोरेटरी या नावाने मुशींच्या अभ्यासाचे एक प्रमुख पीठ बनली. कॉलिन सिम्पफेंडॉर्फर आणि मिशेल ह्यूपेल यांनी या संस्थेत असताना कलूसाहॅचीत अशा चौक्यांची एक साखळीच उभारली. नदीची निवडही अर्थपूर्ण होती. ही नदी मुळात ओकीचोबी सरोवराला जोडलेली नव्हती. १८८० च्या दशकात कालवा खणून ती जोडण्यात आली, आणि पुढे तिच्यावर दरवाजांचे बांध बसले. समुद्राकडून येताना पहिला लागणारा बांध फ्रँकलिन लॉक या नावाने ओळखला जातो. भरतीची सत्ता तेथे संपते. पावसाळ्यात सरोवर भरले की या दरवाजांतून गोड्या पाण्याचे लोंढे सोडले जातात, आणि कोरड्या ऋतूत नदीमुखाकडे जाणारे पाणी जवळजवळ थांबते. सारांश, या खाडीत किती खारे आणि किती गोडे असावे हे निसर्गाइतकेच दरवाजाच्या चाव्या हाती असलेल्या खात्याच्या हुकमाने ठरते.

आता मुशी १२ क्षारतेच्या पाण्यात सापडली, म्हणजे हजार भाग पाण्यात १२ भाग क्षार होते, एवढ्यावरून तिला तेच पाणी आवडते असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. त्या दिवशी खाडीतले बहुतेक पाणीच तसे असले तर ती दुसरीकडे जाणार कोठे? म्हणून कोणत्या क्षारतेचे पाणी किती उपलब्ध होते आणि मुशीने त्यांपैकी कोणत्या पाण्यात किती काळ घालविला, या दोन हिशेबांचा ताळा घालावा लागतो. जे पाणी थोडे असूनही ती पुनःपुन्हा गाठते ते तिच्या पसंतीचे, आणि जे मुबलक असूनही ती टाळते ते नापसंतीचे. असा ताळा घातला असता बुल शार्कची नवजात पिल्ले साधारण ७ ते २० या क्षारतेच्या पट्ट्यात राहू पाहतात असे आढळून आले. समुद्राची क्षारता सुमारे ३५ असते हे ध्यानात घेतले म्हणजे हा पट्टा किती मध्यम आहे ते कळेल. बांधाचे दरवाजे उघडून गोड्या पाण्याचा लोंढा आला की हा पट्टा समुद्राच्या दिशेने सरके, आणि त्याच्याबरोबर पिल्लेही खाली सरकत. पाणी कमी झाले की ती पुन्हा वर चढत. नद्यांतून शेकडो मैल आत जाण्याची ज्याच्या जातीची ख्याती, तो प्राणी बाल्यावस्थेत निव्वळ गोडे पाणी टाळतो, ही गोष्ट बिल्ल्यांनी कधीच सांगितली नसती. मध्यम क्षारतेच्या पाण्यात पिल्लाच्या शरीराचे श्रम वाचत असतील, किंवा पिल्लांना खाणाऱ्या मोठ्या मुशी तेथे कमी फिरकत असतील. दोन्ही कारणे संभवनीय मानली जातात.

त्याच नदीत काऊनोज रे नावाचे पाकटही ऐकले गेले. समोरून पाहता ज्याचे तोंड गाईच्या नाकपुड्यांसारखे दुभंगलेले दिसते असा हा पाकट दूरदूरच्या स्थलांतराबद्दल प्रसिद्ध आहे. येथे मात्र त्याची हजेरी वर्षाच्या सर्व ऋतूंत लागत राहिली, आणि त्याचेही नदीतील वर-खाली होणे प्रवाहाच्या व क्षारतेच्या तंत्रानेच चालले होते.

परंतु या सर्वांत मोलाची माहिती मिळाली ती करवतमाशाविषयी. दिसावयास मुशीसारखा पण कुळाने पाकटांचा सोयरा असलेला, सोंडेच्या जागी दातेरी पाते मिरविणारा हा मासा एके काळी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर सर्वत्र होता. त्याचे ते पाते जाळ्यात अडके, आणि एकदा अडकले की सुटत नसे. त्यामुळे तो झपाट्याने नाहीसा होऊन अखेर मुख्यतः दक्षिण फ्लॉरिडापुरता उरला. त्या राज्याने १९९५ पासून आपल्या किनारी पाण्यात मासे अडकविणाऱ्या गिल जाळ्यांवर बंदी घातली, आणि २००३ साली हा मासा अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली नोंदला गेला. त्या यादीत येणारा तो तेथील पहिलाच सागरी मासा. जन्मतः सुमारे दोन-अडीच फूट लांबीचे असलेले त्याचे पिल्लू आरंभी गुडघाभरही नसलेल्या पाण्यात, चिखलाच्या किंवा वाळूच्या उथळ पट्टीवर, अगदी लहानशा टापूत राहते. मोठी मुशी तेथे पोहोचूच शकत नाही. थोडे वाढले की ते तांबड्या कांदळाच्या मुळांच्या जाळ्यात शिरते. पुढे ग्रेग पूलाकिस आणि त्यांच्या राज्य खात्यातील सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कलूसाहॅचीत या पिल्लांचे मुक्काम काही ठरावीक जागीच पडतात, आणि नदीला पाणी कमी-अधिक सुटेल त्याप्रमाणे हे मुक्काम वरच्या जागांवरून खालच्या जागांवर हलतात. २००९ साली सरकारने करवतमाशाच्या निवासासाठी शार्लट हार्बर व एव्हरग्लेड्सच्या बाजूचा असे दोन टापू मुक्रर केले. तांबडी कांदळे आणि तीन फुटांच्या आतील बदलत्या क्षारतेचे पाणी, ही त्या फर्मानातील मुख्य लक्षणे होत.

माग काढण्याच्या या विद्येने प्राण्यांवरील एखादा आरोपही कसा धुऊन निघतो, ते उत्तरेकडील चेसापीक उपसागरात दिसून आले. तेथे कालवांचा धंदा बसला, आणि त्याचे खापर काऊनोज रे या पाकटावर फुटले. मोठ्या मुशी घटल्यामुळे पाकटे माजली आणि त्यांनी शिंपल्यांचा धंदा बुडविला, असा सिद्धांत २००७ साली एका मान्यवर नियतकालिकात मांडला गेला होता. त्याचा आधार घेऊन पाकट मारण्याच्या स्पर्धाही भरू लागल्या. २०१६ साली इतर संशोधकांनी त्या सिद्धांताचे आधार तपासून ते टिकत नसल्याचे दाखविले. त्यानंतर २०१८ साली स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकांनी ध्वनिप्रेषकांच्या नोंदींवरून सिद्ध केले की ही पाकटे हिवाळ्यात फ्लॉरिडातील केप कॅनाव्हेरलच्या आसपास एकत्र जमतात, आणि उन्हाळ्यात आपापल्या जुन्या प्रदेशात परततात. याचा अर्थ गंभीर आहे. या पाकटाची मादी वर्षाला सामान्यतः एकच पिल्लू देते. तेव्हा एका नदीतील पाकटे मारून संपविली तर शेजारच्या नदीतील येऊन त्यांची जागा भरून काढतील, हा भरवसा धरता येत नाही. मेरीलँड राज्याने २०१७ साली कायदा करून अशा स्पर्धा तहकूब केल्या.

टॅम्पा उपसागरालगतच्या टेरा सीया बे येथील दाखला तर याहून विस्मयकारक आहे. २००१ च्या सप्टेंबरात गॅब्रिएल नावाचे वादळ त्या किनाऱ्याकडे येत असता, त्याच वर्षी जन्मलेली काळ्या टोकाच्या परांची मुशींची पिल्ले, वायुभार उतरू लागताच, वादळ धडकण्यापूर्वी उथळ उपसागर सोडून खोल पाण्याकडे निघून गेली, आणि वादळ सरल्यावर परत आली. ज्यांनी आयुष्यात एकही वादळ पाहिले नव्हते त्यांना हे कोणी शिकविले असणार?

या नोंदीही डोळे झाकून वाचता येत नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. नदीमुखाच्या तळाशी एक प्रकारची कोळंबी नांगी झटक्यात मिटून इतका कडकडाट करते की चौकीला प्रेषकाचे बोलणे ऐकू येईनासे होते. यांत्रिक होड्यांचा गोंगाट आणखी निराळा. एखादा प्रेषक एकाच जागी महिनोन् महिने बोलत राहिला तर मुशीला ती जागा फार मानवली असे न समजता ती मेली असे समजावे लागते. आणि पिल्लाला मोठ्या मुशीने गिळले तर पिल्लाच्या क्रमांकाने काही दिवस खाणारीच फिरत असते. म्हणूनच २००७ साली ह्यूपेल, कार्लसन व सिम्पफेंडॉर्फर यांनी एखाद्या जागेला मुशींचे संगोपनक्षेत्र म्हणण्यापूर्वी तीन कसोट्या लावाव्या असे सुचविले: पिल्ले इतर ठिकाणांपेक्षा तेथे अधिक आढळली पाहिजेत, ती तेथे दीर्घकाळ राहिली किंवा पुनःपुन्हा परतली पाहिजेत, आणि हा क्रम वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. एका जाळ्यात चार पिल्ले लागली म्हणून एखाद्या खाडीला हा दर्जा देता येत नाही, आणि नुसती कांदळवने दाट दिसतात म्हणूनही देता येत नाही.

या साऱ्या तपशिलातून जे हाती येते ते आपल्या कारभाराच्या नेहमीच्या चौकटीत सहजी बसणारे नाही. संरक्षण म्हटले की आपण जमिनीची हद्द आखतो, खांब रोवतो, आणि आतील झाडांची व प्राण्यांची यादी करतो. परंतु बुल शार्कच्या पिल्लाचे घर म्हणजे अमुक क्षारतेचा एक पट्टा, आणि तो पट्टा कोणत्याही खांबाला न जुमानता नदीच्या विसर्गाबरोबर मैलोगणती सरकतो. हद्दीच्या आतील एकही झाड न तोडता, केवळ वरचे दरवाजे अवेळी उघडून किंवा बंद ठेवून, हे घर उद्ध्वस्त करता येते. फ्लॉरिडात ही गोष्ट आता जलव्यवस्थापनाच्या वादांत उघडपणे मांडली जाते, आणि कोरड्या ऋतूत कलूसाहॅचीला पाणी पुरविता यावे म्हणून एक मोठा साठवण तलाव बांधण्याचे कामही तेथे हाती घेण्यात आले.

आपल्याकडे करवतमासा व मुशी-पाकटांच्या इतर काही दुर्मिळ जाती २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि महाराष्ट्रात कांदळवनांसाठी २०१२ पासून स्वतंत्र कक्ष आहे. या दोन्ही गोष्टी स्वागतार्हच. परंतु पहिलीने मासा मोजला आणि दुसरीने झाड मोजले, पाणी मात्र दोहोंच्या हिशेबाबाहेर राहिले. ज्या वैतरणेच्या खाडीत ती मुशी दिसली त्याच नदीवर मुंबईची तहान भागविणारी मोडकसागर व मध्य वैतरणा ही धरणे आहेत. शहराला पाणी हवे याबद्दल वाद नाही. पण धरणाखाली किती पाणी केव्हा सोडावे हे ठरविताना खाडीच्या तोंडाशी कोणाची वस्ती आहे आणि ती कोणत्या ऋतूत किती गोड्या पाण्यावर अवलंबून आहे, हेही विचारात घेतले पाहिजे. ती माहिती कोकणच्या खाड्यांतून मिळविण्यास काही चौक्या, काही प्रेषक, आणि खाडीचा प्रत्येक ओहळ ज्यांना तोंडपाठ आहे अशा कोळीबांधवांची साथ, एवढे भांडवल पुरेसे आहे. पाण्याचा निवाडा धरणाच्या कचेरीत होत राहणारच. त्या निवाड्यापूर्वी खाडीतल्या रहिवाशांचीही कैफियत दाखल व्हावी, एवढेच मागणे आहे.